हाताची खुर्ची

शांगबा गावात नदीच्या उतारावर फानचं चहाचं दुकान आहे. त्यात बांबूच्या खुर्च्या पुष्कळ, पण खुर्ची म्हणावी अशी एकच. बाकीच्यांवर माणूस टेकतो, हिच्यात बसतो. हिला हात आहेत, पाठीला बाक आहे, आणि ती अशा जागी ठेवलेली आहे की हिवाळ्यात पाठीला चुलीची ऊब लागावी आणि उन्हाळ्यात तोंडावर नदीचा वारा यावा. फानच्या आजोबांनी ती स्वतः बांधली. कमरेत वाकलेला एक मिठाचा व्यापारी एकदा सकाळी तिच्यात बसला आणि संध्याकाळी उठला तो इतका सरळ, की बायकोनं त्याला ओळखलं नाही आणि दारही उघडलं नाही. पुढं तो पुन्हा वाकला तेव्हा घरात घेतला. ही गोष्ट साऱ्या गावाला माहीत आहे, त्यामुळं तिच्याबद्दल कुणी विशेष बोलत नाही.

ही खुर्ची वयानं मिळत नाही की मोठेपणानं मिळत नाही. चुलीपाशच्या टेबलाचा नियम ठरलेला आहे. सकाळी पहिली वाटी भरली की ज्याला काही सांगायचं असेल त्यानं सांगावं. जी गोष्ट टेबलावर कुणालाच ठाऊक नसेल, आणि जी ऐकून सगळ्यांच्या तोंडून आपसूक 'असं होय!' निघेल, ती सांगणारा त्या दिवसापुरता हाताच्या खुर्चीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

गेली अकरा वर्षं तिच्यात थंग बसत होता.

थंग न्हावी होता. उभी हयात लोकांची डोकी त्याच्या हातात गेली, आणि गळ्यापाशी वस्तरा असला की माणूस मनातलं काही राखून ठेवत नाही. खेकड्याला पोटात दात असतात हे त्याला एका कोळ्यानं सांगितलं. गायीला वरचे पुढचे दात नसतात हे एका खाटकानं सांगितलं. दुकान मुलाला देऊन तो मोकळा झाला तेव्हा त्याच्याकडं अशा गोष्टींचा इतका साठा होता, की रोज एक काढली तरी चिनी नववर्ष कितीदा आलं नि गेलं, साठा हलला नाही.

घरी मात्र थंगला खुर्ची नव्हती.

घरात खुर्च्या दोन. एक बायकोची, क्वेलानची. दुसरीवर लोणच्याची बरणी. बरणी साधीसुधी नव्हती. तिच्यातला खार क्वेलानच्या आईच्या आईच्या वेळचा. लग्नात क्वेलान तो मांडीवर घेऊन नावेतून आली होती आणि वाटेत तिनं नवऱ्यापेक्षा त्याच्याकडंच जास्त लक्ष दिलं होतं. असला खार जागा बदलली की बिघडतो, वर पांढरी साय धरतो. नऊ वर्षांपूर्वी क्वेलाननं बरणी 'दोन दिवस' म्हणून खिडकीपाशच्या खुर्चीवर ठेवली, आणि मग ती हलवायची सोयच उरली नाही. थंग पलंगाच्या कडेवर टेके, नाहीतर दारात उभा राही.

त्याची तक्रार नव्हती. त्या बरणीचा त्याला अभिमान होता. रोज सकाळी तो बशीभर मुळा, कोबी, चवळीच्या शेंगा असं काहीतरी आंबटखारं घेऊन चहाच्या दुकानात येई. सगळे खात. बुटका कुओ, ज्याचं बाजारात स्वतःचं लोणच्याचं दुकान होतं, तो तर डोळे मिटून खाई आणि म्हणे, "वहिनींच्या हाताला तोड नाही."

"लोणचंवाला म्हणतोय हे," थंग बाकीच्यांना बजावी. "आणि पाऊस यायचा असला ना, की पहाटे बरणी आपोआप बुडबुडते. ग्लुक! मी अंथरुणात पडल्यापडल्या ऐकतो."

या एका गोष्टीवर तो तीन वेळा खुर्चीत बसला होता, कारण मधल्या काळात टेबल ती विसरून जाई.

मग छ्यांग परत आला.

छ्यांग पूर्वी मिठाच्या गोदामावर होता. वर्षभर तो शेन्झेनला मुलाकडं राहून आला आणि येताना मुलानं दिलेला मोबाइल घेऊन आला. मोबाइल एवढा मोठा होता की तो खिशात मावत नव्हता, आणि खिशात मावत नसल्यामुळं तो टेबलावरच असे.

त्या सकाळी थंगनं आपली ठेवणीतली गोष्ट काढली होती. "माणूस मेला तरी त्याचे केस वाढत राहतात," तो म्हणाला. "दाढी आणि नखंसुद्धा. वरच्या आळीतल्या म्हाताऱ्या वेईची मी शवपेटीत दाढी केली. दुसऱ्या दिवशी बघतो तर गालावर खुंट! पुन्हा केली. दोनदा दाढी केलेलं मढं तुमच्यापैकी कुणी पाहिलंय?"

टेबलावरचे सगळे 'असं होय' म्हणायला तोंड उघडणार, इतक्यात छ्यांगनं हात वर केला.

"थांब, थंग. याला विचारू." त्यानं मोबाइल तोंडाशी धरला, काहीतरी पुटपुटला आणि वाचू लागला. "मेल्यावर केस वाढत नाहीत. कातडी आकसते, मागं सरते. म्हणून खुंट दिसतात. वाढल्यासारखे वाटतात, एवढंच."

"मी स्वतः दाढी केली!"

"केली असशील. पण तू कातडी आकसलेली भादरलीस."

"वेईच्या मुलानं मला दोनदा केल्याचे पैसे दिले!"

"मग एकदाचे परत कर."

टेबल हसलं. फाननं लांब तोटीची किटली खाली ठेवली आणि विचार केला. न्याय तोच करी, कारण खुर्ची त्याची होती.

"खोटी गोष्ट धरता येत नाही, थंग," तो म्हणाला. "छ्यांगनं सांगितलं ते कुणाला ठाऊक होतं का? नाही ना? मग आज छ्यांग बसेल."

छ्यांग बसला. बसताना खुर्ची करकरली. थंगला वाटलं, ती आपल्यासाठी कधी अशी करकरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी थंग तयारीनं आला. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, असं त्यानं सांगितलं. हे खरं होतं. पण छ्यांगनं मोबाइलला विचारलं, आणि मोबाइलला ते ठाऊक होतं.

"टेबलावर कुणालाच ठाऊक नको, असा नियम आहे," छ्यांग म्हणाला. "हा टेबलावर आहे. याला ठाऊक आहे."

"तो काय माणूस आहे?"

"नियमात माणूस कुठं म्हटलंय?"

फाननं पुन्हा विचार केला. "टेबलावर आहे हे खरं," तो म्हणाला. "पण टेबलावर बसायचं तर चहा घ्यायला हवा. फुकट बसायला हे काही देऊळ नाही." आणि त्यानं मोबाइलपुढं बशी, वाटी आणि झाकण मांडून चहा ओतला. छ्यांगनं त्याचे पैसे दिले. त्या दिवसापासून मोबाइल रीतसर गिऱ्हाईक झाला. तो फार सावकाश पिई.

पुढचं सांगायलाच नको. थंग जे सांगे ते मोबाइलला ठाऊक असे. छ्यांग जे सांगे ते मोबाइलनंच सांगितलेलं असे, पण सांगणाऱ्यालाच ते ठाऊक असणार, त्याला काय करता, असं छ्यांगचं म्हणणं. शुक्रावरचा एक दिवस तिथल्या एका वर्षाहून मोठा असतो, असं त्यानं एका सकाळी सांगितलं. शुक्रावर टेबलावरच्या कुणाचे नातेवाईक नसल्यामुळं कुणाला ते खोडता आलं नाही. छ्यांग खुर्चीत असा पसरला की जणू तो वर्षभर उठणार नव्हता, आणि तेही शुक्राच्या हिशेबानं.

थंगनं बिनहाताच्या खुर्चीवर बसून पाहिलं. तिथं त्याची कंबर दुखे, तिथं उन्हाळ्यातही वारा येत नसे, आणि तिथून खुर्ची मात्र अगदी समोर दिसे. मग तो एक वाटी संपवून लवकर घरी जाऊ लागला.

घरी बसायला जागा नव्हती, हे आलंच आहे. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"म्हातारे," तो म्हणाला, "ऑक्टोपसला तीन हृदयं असतात."

क्वेलान मासा साफ करत होती. "याला एकच होतं," ती म्हणाली. "ते पण मी काढलं."

"गायीला वरचे पुढचे दात नसतात."

"तुलाही नाहीत."

"खेकड्याला मात्र पोटात—"

"म्हाताऱ्या, तू दुकानात का नाहीस?"

थंगनं सांगितलं. खुर्ची गेली ते सांगितलं, मोबाइलच्या चहाचं सांगितलं, शुक्राचं सांगितलं. शुक्राचं दोनदा सांगितलं. क्वेलाननं मासा शिजवला, जेवण झालं, भांडी घासून झाली, ती शिवायला बसली, तेव्हा तो दारातून सरकून तिच्या खुर्चीमागं उभा राहिला आणि माणसाची कवटी किती हाडांची असते ते सांगू लागला. तिची सुई बोटात गेली.

दुसऱ्या दिवशी असंच झालं. तिसऱ्या दिवशी तो न्याहारीलाच परत आला.

चौथ्या दिवशी क्वेलाननं कमरेचं फडकं सोडलं, केस सारखे केले आणि ती म्हणाली, "चल."

"कुठं?"

"तुझी खुर्ची आणायला."

थंग मागोमाग निघाला. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांचे कान हाताळले होते. त्याचे स्वतःचे मऊ आहेत, बायकोनं धरावेत आणि हवं तिकडं न्यावं असे, असं गावानं कधीच ठरवून टाकलं होतं.

क्वेलान दुकानात शिरली तेव्हा पत्ते पिसणारे हात थांबले. ती लग्नानंतर इथं एकदाच आली होती, आणि तेव्हा एक छत्री न्यायला.

"या, वहिनी, या!" फान म्हणाला. "काय देऊ?"

"चहा द्या, फान भाऊजी. चुलीपाशच्या टेबलावर. मला काहीतरी सांगायचंय."

टेबल सरकून बसलं. छ्यांग हाताच्या खुर्चीत होता. उठावं का, असा विचार त्याच्या चेहऱ्यावर येऊन गेला, पण थांबला नाही. समोर मोबाइल आपल्या वाटीशेजारी पडला होता. क्वेलाननं बांबूच्या साध्या खुर्चीवर बूड टेकलं, झाकणानं चहावरची पानं बाजूला लोटली, एक घोट घेतला.

"तुम्ही सगळे माझ्या बरणीतलं लोणचं खाता," ती म्हणाली.

"रोज!" कुओ म्हणाला. "वहिनींच्या हाताला—"

"ती बरणी नऊ वर्षं रिकामी आहे."



"रिकामी म्हणजे?" थंगनं विचारलं.

"रिकामी म्हणजे आत काही नाही. नऊ वर्षांपूर्वी मी बहिणीकडं गेले होते. परत येऊन बघते तर खार सडलेला. त्यात कुणीतरी तेलकट हात घातले होते. खारानं हात मऊ होतात, असं कुणाला कुणी सांगितलं होतं, ते मी विचारलं नाही. केसांच्या पोमेडचा वास येत होता. मी सगळा खार नदीत ओतला."

थंगनं आपले हात पाहिले. ते खरोखरच मऊ होते.

"पण पहाटे ती बुडबुडते," तो म्हणाला. "पावसाआधी. मी ऐकतो. ग्लुक!"

"ते तुझं पोट आहे."

"पावसाआधी?"

"पावसाआधी तू मुळा जास्त खातोस."

थंगनं बोटांवर मोजलं. त्या गोष्टीवर तो तीन वेळा खुर्चीत बसला होता.

"थांबा, थांबा," छ्यांग पुढं वाकला. "रिकामी आहे तर खुर्चीवर कशाला ठेवलीत?"

"खुर्ची मोकळी असती तर हा घरी बसला असता," क्वेलान म्हणाली, "आणि मला सांगत राहिला असता."

टेबलावरचे सगळे विवाहित होते. त्यावर कुणी काही विचारलं नाही.

फाननं घसा साफ केला. "छ्यांग, त्याला विचार."

छ्यांगनं मोबाइल तोंडाशी धरला. "क्वेलान वहिनींची बरणी रिकामी आहे का?" त्यानं विचारलं, मग अंगठ्यानं बराच वेळ वरखाली केलं. "लोणचं कसं घालावं ते सांगतोय," तो शेवटी म्हणाला. "मुळ्याचं, आल्याचं... शेन्झेनमध्ये बरण्या कुठं मिळतात तेही सांगतोय."

"म्हणजे ठाऊक नाही त्याला."

"तसं... विचारणाऱ्यानं नीट विचारलं पाहिजे."

"ठाऊक नाही," फान म्हणाला. "पुढं."

पण छ्यांग गोदामावर जन्म घालवलेला माणूस, इतक्यात माल सोडणारा नव्हता. "एक सांगा, वहिनी. मग हे रोज आम्ही खातो ते कुठून येतं?"

"बाजारातून."

"बाजारात लोणचं कोण विकतं?"

सगळ्यांनी कुओकडं पाहिलं. कुओनं वाटीत पाहिलं.

"झालं!" छ्यांग खुर्चीच्या हातावर थाप मारून म्हणाला. "एकाला ठाऊक होतं! यानं विकलं, याला ठाऊक होतं! टेबलावर कुणालाच ठाऊक नको, हा नियम! खुर्ची माझी!"

 घरी बरणी, इथं छ्यांग. आता उभ्यानं किती वर्षं काढायची, याचा थंग मनात अंदाज घेऊ लागला.

"कुओ," फान म्हणाला, "ठाऊक होतं का तुला?"

कुओनं वाटी खाली ठेवली. "वहिनी माझ्याकडून लोणचं नेतात, हे ठाऊक होतं," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? पण मला वाटायचं, त्या शेजारणीसाठी नेतात. घरात एवढी आजीची बरणी असताना कुणी स्वतःसाठी माझं लोणचं कशाला नेईल?"

"अरे पण तू रोज इथं बसून खात होतास!" छ्यांग ओरडला. "नऊ वर्षं! स्वतःच्या लोणच्याची चव ओळखली नाहीस?"

"ओळखली की!"

"मग?"

"मग काय? मला वाटलं, वहिनींना अगदी माझ्यासारखं जमतं. म्हणून तर रोज म्हणत होतो, हाताला तोड नाही. माणसानं आणखी काय म्हणायचं?"

 कुओ मान हलवत स्वतःशीच ते सगळं पुन्हा लावून बघत होता; बरणी, बाजार, बशी. मग त्याचे डोळे मोठे झाले.

"म्हणजे मी माझंच... असं होय!" तो म्हणाला.

आणि मग सगळेच म्हणाले. फान म्हणाला. पत्त्यांच्या टेबलावरचे म्हणाले, ज्यांचा काही संबंध नव्हता. थंग सगळ्यांत शेवटी म्हणाला, पण मनापासून म्हणाला, कारण टेबलावर सगळ्यांत कमी ठाऊक असलेला तोच निघाला होता. छ्यांगनं ओठ घट्ट मिटले होते, पण असा आवाज मिटल्या ओठांतूनही येतो.

फाननं मोबाइलपुढची वाटी उचलली. छ्यांग उठला. खुर्ची करकरली नाही.

"बसा, वहिनी," फान म्हणाला.

क्वेलान हाताच्या खुर्चीत बसली. पाठ टेकली. चुलीची ऊब लागली तशी तिची मान जरा मागं गेली, आणि थंगच्या मनात पाल चुकचुकली, की हिला आवडली तर? तिनं डोळे मिटून चहा संपवला. पुन्हा भरून घेतला. मग उठून उभी राहिली, वाटीवर झाकण नीट बसवलं, खिशात बोटं घालून स्वयंपाकातलं एक तिरफळ काढलं आणि ते झाकणाच्या मधोमध ठेवलं.

सारं दुकान ते तिरफळ पाहत राहिलं.

आमच्याकडं चहाच्या दुकानात तोंडानं फार बोलावं लागत नाही. झाकण बशीला तिरपं टेकवलं, की पाणी ओता. उलटं वाटीत घातलं, की उचला, मी निघालो. आणि झाकणावर काही ठेवलं, पान असो, शेंगदाणा असो, की मी आलोच, माझ्या जागेला हात लावू नका. फानच्या आजोबांच्या वेळी एका नावाड्यानं झाकणावर शेंगदाणा ठेवला आणि पूर किती चढलाय ते बघायला गेला. तो परत आला तो पुढल्याच्या पुढल्या शरदात, दुसऱ्या प्रांतातली बायको घेऊन. त्याची जागा तशीच होती. शेंगदाण्याला मोड आले होते, तेवढाच फरक.

"घरी जरा कामं आहेत," क्वेलान म्हणाली. "मी आलेच. तोवर हा माझी जागा धरून बसेल. चालेल ना, भाऊजी?"

फाननं आजोबांना स्मरून तिरफळाकडं पाहिलं. "न चालायला काय झालं?" तो म्हणाला.

"पण उद्या?" छ्यांग म्हणाला. "उद्या पुन्हा पहिल्यापासून ना?"

"वहिनी परत आल्या की," फान म्हणाला.

ही गोष्ट होऊन बरेच हिवाळे गेले. क्वेलान अजून आलेली नाही. तिची कामं संपत नाहीत. खिडकीपाशची खुर्ची मोकळी आहे. तिच्यावर ती शिवताना पाय ठेवते, आणि बरणीत छत्र्या ठेवते. दुकानात फान रोज सकाळी झाकण हलक्या हातानं, सपाट उचलतो, वाटीत गरम पाणी ओततो, आणि झाकण ठेवतो. तिरफळ कधी घरंगळलेलं नाही. छ्यांग साध्या खुर्चीवर बसून जगातल्या एकेक नवलाच्या गोष्टी सांगतो. लोक 'असं होय' म्हणतात आणि आपापल्या जागी राहतात.

थंग हाताच्या खुर्चीत असतो. कुणी नवखा विचारतो, की आजोबा, ही जागा तुमची का? "छे," थंग म्हणतो. "बायकोची आहे. येईलच ती."

बशी तो अजून आणतो. सगळे खातात. कुओही खातो, पण आता डोळे मिटत नाही. परवा एक तुकडा त्यानं बराच वेळ चावला.

"वहिनींचं मीठ जरा कमी पडलंय आज," तो म्हणाला.

"सांगतो तिला," थंग म्हणाला, आणि त्यानं पाठ टेकली.